नंबर तिसरा

माझ्या रिक्षाच्या पुढच्या काचेजवळ दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही कुणाला ना कुणाला खुपतात. एक, आमच्या रिक्षा स्टँडचं स्टिकर. दुसरी, मोबाईल अडकवायचा चिमटा. स्टिकर हवं असेल तर चिमटा काढ, असं मला स्टँडनं सांगितलं होतं. चिमटा हवा असेल तर स्टिकर खरवडून टाक. मी दोन्ही ठेवलं. त्यावरून जे झालं ते लिहून काढते आहे, कारण त्या दिवसांत माझ्याबद्दल लई बोललं गेलं आणि बोलणाऱ्यांत मी नव्हते.

कुठला स्टँड ते सांगत नाही. संभाजीनगरातून वाळूजकडे जाणारी माणसं जिथं चढतात-उतरतात अशा एका चौकातला आहे, एवढं पुरे. एक कडुलिंबाचं झाड, त्याच्या सावलीत चहाची टपरी आणि झाडापासून मागं रिक्षांची रांग. मी बजाजनगरात राहते. नवरा कंपनीत शिफ्टला जातो. मीही आधी वाळूजलाच एका कारखान्यात कंत्राटावर होते, तयार झालेले पार्ट तपासायच्या कामावर. कंत्राट संपलं तेव्हा आम्हा बायकांना आत जाऊन डबा ठेवायचं कपाटसुद्धा रिकामं करू दिलं नाही, गेटवरूनच परत पाठवलं. त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं, ज्या कामाला गेट आहे ते काम आता करायचं नाही. रिक्षा शिकले. लायसन्स, बॅज, परमिट, सगळं रीतसर माझ्या नावावर काढलं. सासरची माणसं म्हणाली, बाईच्या जातीला हे शोभत नाही. मी म्हटलं, शोभणारं काम करून बघितलं, आता न शोभणारं करून बघते.

स्टँडवरची सगळी दुनिया एका शब्दावर चालते. तो शब्द म्हणजे नंबर. बाहेरच्या माणसाला नंबर म्हटलं की गाडीचा नाहीतर फोनचा आठवतो. आमच्याकडे नंबर म्हणजे रांगेतली जागा. झाडाखाली उभी असलेली गाडी पहिला नंबर. तिच्या सीट भरल्या की ती सुटते आणि मागच्या पुढं सरकतात. "नंबर कुणाचा?" असं सवारीनं विचारलं की ज्याचा असेल तोच तोंड उघडतो, बाकीचे खुशाल तंबाखू मळत बसतात. नंबर तोडणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आणि रांगेत उभं असताना हँडब्रेक कुणी ओढायचा नाही, हा दुसरा नियम. कारण कुणी चहाला गेलं, नमाजाला गेलं, बायकोशी फोनवर भांडत लांब निघून गेलं, तर मागचा माणूस त्याची गाडी हातानं पुढं ढकलतो. माणूस जागेवर नसला तरी त्याचा नंबर चालत राहतो. स्टँडवरची ही एक रीत मला इतकी आवडली की तिच्यापायी बाकीच्या दहा गोष्टी मी सोसल्या.

सोसल्या म्हणजे गप्प बसले असं नाही. स्टँडवर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. मला मात्र पहिल्या दिवसापासून "ताई, तुम्ही". ताई, तुम्ही सावलीत बसा. ताई, तुम्हाला कशाला घाई. असं अदबीनं बोलत बोलत माझा नंबर आला की कुणीतरी आपली रिक्षा पुढं घालायचा. मला घरी कमावता नवरा आहे, त्यांच्या घरात तेच कमावते आहेत, असा त्यांचा हिशोब. मी रांगेत होते आणि नव्हतेही. एका सकाळी माझ्यापुढं अशीच गाडी घुसली, तेव्हा मी माझी रिक्षा काढली, झाडासमोर रस्त्यात आडवी लावली, हँडब्रेक ओढला आणि चावी ओच्यात खोचून चहा प्यायला बसले. स्टँड बंद. ना कुणाला पुढं जाता येईना, ना मागं. मागं हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. मी चहावाल्याला अजून एक कट सांगितला.

स्टँडचा अध्यक्ष धावत आला. हा माणूस करमाडकडचा, थोडी जमीन भावाच्या हवाली करून शहरात आलेला, आवाज मोठा आणि मन त्याहून थोडंसंच लहान. ताई, हे बरोबर नाही, तुम्ही गाडी काढा, असं तो परत परत म्हणत होता. मी म्हटलं, माझा नंबर द्या, काढते. तो चिडला की मलाही चेव येतो, हे मला त्या दिवशी समजलं. शेवटी स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना आम्ही सगळेच चाचा म्हणतो, ते टपरीच्या बाकड्यावरून उठले. मला रिक्षा चाचांनीच शिकवली होती. ते अध्यक्षाला म्हणाले, "नंबर उसका हैच. कायकू तंग करते बाई को?" आणि ज्यानं गाडी पुढं घातली होती त्याला त्यांनी नुसता हात केला. तो मागं गेला. त्या दिवसापासून माझा नंबर कुणी तोडला नाही, माझी गाडीही बाकीच्यांसारखीच ढकलली जाऊ लागली. "ताई, तुम्ही" मात्र गेलं नाही.

मग ॲप आलं. म्हणजे शहरात ते आधीच आलं होतं, माझ्या फोनमध्ये उशिरा आलं. वाळूजच्या धंद्याचं गणित शिफ्टवर असतं. सकाळी आणि संध्याकाळी सीट भरायला वेळ लागत नाही, दुपारी मात्र रांग उन्हात तशीच तापत उभी. त्या वेळात मी ॲप चालू करायला लागले. दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका, क्लासला जाणाऱ्या मुली, कुणाची आई, कुणाची सून. आत बसल्यावर बाई रिक्षा चालवते आहे हे बघून पाय पसरून बसायच्या. एक म्हातारी तर चप्पल काढून मांडी घालून बसली.

ॲपचं मी काही कौतुक सांगत नाही. ॲपच्या कंपनीचा माणूस मला पार्टनर म्हणायचा. पार्टनर म्हणे. भाडं किती लावायचं ते त्यानं ठरवायचं, त्यातून किती कापायचं ते त्यानं ठरवायचं, मी नकार दिला तर मला शिक्षा किती तेही त्यानंच. असल्या भागीदारीला आमच्या गावाकडं सालगडी म्हणतात. शिवाय ॲपवर माझं नाव आणि आडनाव लोकांना दिसतं. आडनाव वाचलं की आम्ही कोण, दलित की कोण, हे या शहरात कुणालाही कळतं. काही जण मी निघाल्यावर सवारी रद्द करायचे. बाई म्हणून रद्द केली, आडनाव वाचून केली, की खरंच कुणाला दुसरं काम निघालं, हे मला कधी कळलं नाही. राग कुणावर काढायचा तेच समजत नाही, हा त्या फोनचा मला सगळ्यात वाईट वाटणारा भाग. स्टँडवर निदान ज्यानं गाडी पुढं घातली त्याचं तोंड दिसतं. नंबरला आडनाव नसतं, हे फोन वापरायला लागल्यावर मला जास्त कळलं.

तोवर स्टँडवर ॲपवरून आग पेटली होती, आणि त्यात त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या ॲपवर सवाऱ्या नेत होत्या. बजाजनगरातली पोरं घरच्या मोटारसायकलवर माणसं वाहत होती, ना परमिट ना बॅज. आम्हाला खाकी नसली तरी दंड, मीटर नीट नसलं तरी दंड, चौकात एक पाय बाहेर पडला तरी दंड. त्यांना विचारणारं कुणी नाही. ज्याला नियम आहेत त्यालाच नियम, असं चाललं होतं. सरकारनं ॲपवाल्यांसाठीही नियम आणलेत असं ऐकू यायचं, पण ते चौकापर्यंत काही पोहोचले नव्हते. मग चौकात जो हाताशी सापडला त्याच्यावर राग निघाला. हाताशी मी होते.

अध्यक्षानं टपरीपाशी सगळ्यांना गोळा केलं आणि ठराव सांगितला. ज्याच्या फोनात ॲप, त्याला स्टँडवर नंबर नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, कुणाचं नाव घेत नाही, पण ज्यांना लागू आहे त्यांना समजलं असेल. आणखी दोघा-तिघांच्या फोनात ॲप होतं, ते मला ठाऊक होतं. त्यांनी खिशावर हात ठेवले आणि आभाळाकडं बघितलं. मी म्हटलं, मला लागू आहे आणि मी काढणार नाही. परमिट माझं आहे, बॅज माझा आहे, गाडी पिवळ्या पाटीची आहे, मी कुठला नियम मोडला ते दाखवा. अध्यक्ष म्हणाला, सरकारचा नाही, स्टँडचा मोडला. तो नियम कधी झाला, मी विचारलं. तो म्हणाला, आत्ता.

चाचा त्या दिवशी बाकड्यावरून उठले नाहीत. त्यांची नजर जमिनीवर होती. पुढं एकदा त्यांनीच मला सांगितलं, की त्यांचा धाकटा मुलगा ॲपवर मोटार चालवतो आणि घरात रोज यावरूनच भांडण होतं. कुणाच्या बाजूनं बोलावं ते त्यांनाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझी गाडी कुणी ढकलेना. पुढं जागा रिकामी, माझी रिक्षा तिथंच उभी आणि मागचे तिला वळसा घालून पुढं जायचे. भांडायला कुणी पुढं येत नव्हतं, त्यामुळे आडवी लावायचीही सोय नव्हती. सवारी "नंबर कुणाचा?" विचारायची आणि मी बोलले की माझ्या मागचाही बोलायचा. सवारी गोंधळून बाप्याच्या रिक्षात बसायची. रांग सोडून चौकात सवारी घ्यावी तर पोलीस उभा. बाकी सगळं मी सहन केलं असतं, पण चहा पिऊन परत यावं आणि आपली गाडी आहे तिथंच, पुढचं मैदान मोकळं, हे बघून मला रडू यायचं. मी टपरीच्या मागं जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत रांगेत येऊन बसले. रोज येत राहिले. वळसा घालायला लावत राहिले. नवरा म्हणाला, कशाला जातेस, नुसतं ॲप चालव. मी म्हटलं, एका गेटवरून एकदा परत आले, तेवढं बास झालं.

मग आरटीओत बैठक लागली. आमच्या रिक्षा संघटनेनं तक्रार दिली होती की ॲपवाले स्टँडवर घुसून सवाऱ्या पळवतात. तिथल्या साहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावलं होतं, आणि तक्रारीत उदाहरण म्हणून माझं नाव होतं म्हणून मलाही. सकाळी नेहमीसारखी मी रांगेत होते. वेळ झाली तशी आम्ही गाड्या तिथंच सोडून सगळे चाचांच्या रिक्षात दाटीवाटीनं बसून गेलो. माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला निघालेली माणसं आणि मी, एकाच सीटवर. अध्यक्ष चाचांच्या शेजारी अर्धा बाहेर लटकत होता. वाटेत एका खड्ड्यात त्यानं सवयीनं मागं वळून म्हटलं, ताई, धरून बसा.

आतमध्ये लांब टेबल होतं. एका बाजूला कंपनीचा माणूस, नेटका, पाण्याची बाटली स्वतःची घेऊन आलेला. दुसऱ्या बाजूला आमचा स्टँड. मला कुठं बसायचं ते कुणी सांगितलं नाही. कंपनीचा माणूस हसून म्हणाला, मॅडम आमच्या पार्टनर आहेत, इकडं या. अध्यक्ष म्हणाला, बरोबर आहे, ती त्यांचीच, आमच्या स्टँडची नाय. ती बाहेरनं येऊन सवाऱ्या उचलती, तीच तर तक्रार हाय. मी टेबलाच्या टोकाला, दोन्हीकडच्या मधल्या खुर्चीवर बसले. हात पदराखाली घेतले.

साहेब शांत माणूस होते. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. पांढऱ्या पाटीच्या गाड्यांवर कारवाई करू म्हणाले. कंपनीच्या माणसाला विचारलं, की तुमच्याकडे चालवणाऱ्या प्रत्येकाचं परमिट तुम्ही बघता का. तो बाटलीतलं पाणी प्यायला. मग साहेब माझ्याकडं वळले. लिहून घ्यायला पेन उचलत त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा नंबर सांगा."

त्यांना गाडीचा नंबर हवा होता. ते आता लिहिताना स्पष्ट दिसतंय. पण मी सकाळपासून रांगेत बसलेली, घाबरलेली, आणि कित्येक दिवस दुसरं काही डोक्यात नसलेली. माझ्या तोंडून निघालं, "चौथा."

टेबलाच्या त्या बाजूनं अध्यक्ष लगेच म्हणाला, "चौथा कुठला? तिसरा हाय तिचा. म्होरचा एक गॅस भराया गेला ना. आता तो बुटका, मग तो लंबू, मग ही."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. साहेबांचं पेन तसंच. मग चाचा खाली मान घालून हसायला लागले, त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी अध्यक्षाला विचारलं, म्हणजे या तुमच्या रांगेत असतात? तो कानापर्यंत लाल झाला. तोंडानं त्यानं माझा नंबर काढून घेतला होता, पण रोज सकाळी डोक्यात मला मोजायचं काही त्याचं थांबलं नव्हतं. वळसे घालताना, माझ्या सवाऱ्या दुसऱ्याकडं वळताना, तो माणूस मनातल्या मनात मला धरूनच रांग मोजत होता. मला इतका राग आला त्याचा, आणि इतकं बरं वाटलं, की दोन्ही एकदमच आलं.

मी उभी राहिले. हात पदराबाहेर काढले. म्हटलं, "साहेब, मी यांची पार्टनर नाय आन् बाहेरची तर नाहीच नाय. परमिट सरकारचं, रिक्षा माझी, नंबर स्टँडचा. फोनबी माझाच हाय. यातलं काय सोडायचं ते मला कुणी सांगायचं नाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ॲप वापरणं हा काही गुन्हा नाही, बिनपरमिट चालवणं गुन्हा आहे, आणि रांगेचं तुमचं तुम्ही ठरवा, ते माझ्याकडं आणू नका. कंपनीच्या माणसाला त्यांनी थांबवून घेतलं. आम्ही बाहेर आलो. परतताना चाचांच्या रिक्षात पुन्हा तेवढीच दाटी. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "चौथा कुठला, तिसरा," आणि सगळी रिक्षा हसली, अध्यक्ष सोडून. मीही हसले नाही. माझं भांडण अजून संपलं नव्हतं.

टपरीपाशी उतरल्यावर मीच बोलायला सुरुवात केली. म्हटलं, ठराव बदला. कुणाच्या फोनात काय आहे ते कुणी बघायचं नाही. रांगेत असताना ॲपची सवारी घेतली तर नंबर गेला, परत आलं की शेवटी लागायचं. झाडाखाली पहिला नंबर असला तरी तेच. हे मी माझ्यासाठीसुद्धा सांगते आहे. अध्यक्षानं बराच वेळ तंबाखू मळली. मग ज्या दोघा-तिघांनी खिशावर हात ठेवले होते, त्यांनी हळूच फोन बाहेर काढले आणि म्हणाले, चालतंय. अध्यक्षानं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू म्हणतोय, आता हेही. चाचा म्हणाले, बास हुआ, चाय बोलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा पहिला नंबर होता. झाडाखाली उभी होते आणि फोन वाजला. सगळी रांग बघायला लागली. दवाखान्यातली सवारी होती. मी घेतली. गाडी काढताना अध्यक्ष पुढं आला आणि म्हणाला, मागनं लागायचं बरं का. मी म्हटलं, मागनंच लागते, पण लागते.

आल्यावर शेवटी लागले. ऊन होतं. गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेकला हात लावला नाही आणि चहाला गेले. टपरीच्या बाकड्यावर पाठ करून बसले, मुद्दाम. मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं. कप अर्धा झाल्यावर मागून त्याचा तो मोठा आवाज आला.

"ए, नंबर कितवा तुझा?"

मी वळून न बघताच म्हटलं, "तूच सांग. तुला जास्त ठाऊक असतंय."

चहा संपवून मी वळले तेव्हा तो माझ्या रिक्षाला खांदा लावून ती पुढं ढकलत होता, स्टिकर आणि चिमटा दोन्हीसकट.